नोटरीचे शिकाऊ, त्यांच्या चुका आणि जबाबदारी कोणाची?



ह्या पानावर आम्ही एरवी बेणे, खोडवा, खताच्या मात्रा आणि पाण्याच्या पाळ्या ह्यांविषयी लिहितो. ह्या अंकात विषय जरा वेगळा घेतला आहे. गटागटांतून फिरताना उसापेक्षा कागदांचेच प्रश्न आम्हांला जास्त विचारले जातात. "वडील वारले, शेअर नावावर करायचा आहे." "शेअरचा दाखला पुरात गेला, दुसरा कसा मिळेल?" "मुकादमाशी करार करायचा आहे, तो कुठे करावा?" ह्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर कधी ना कधी नोटरीच्या टेबलापाशी जाऊन पोहोचते.

आणि तेथेच कित्येकदा घोटाळा होतो. कागद कारखान्यात येतो, शेअर विभाग तो तपासतो आणि परत पाठवतो. कधी नोटरीच्या नोंदवहीचा अनुक्रमांक नसतो, कधी तारीख नसते, तर कधी सही एकाची आणि ओळख दुसऱ्याचीच लिहिलेली असते. कास्तकाराला विचारावे तर तो सांगतो, "सायेब, वकीलसाहेब कोर्टात गेले होते. तिथं एक शिकाऊ पोरगा बसला होता, त्यानंच शिक्का मारून देल्ला." मग पुढचा प्रश्न हमखास येतो : "चूक त्या पोराची झाली, आता नोटरी त्याला जबाबदार आहे की नाही?"

ह्या प्रश्नाचे उत्तर आपणां सर्वांना ठाऊक असणे जरूर आहे, म्हणून हा लेख. बहुतेक नोटरी आपले काम चोख करतात, हेही सुरुवातीलाच नमूद केले पाहिजे. हा लेख कोणाच्या विरोधात नसून आपल्या सावधगिरीसाठी आहे.

आपला नोटरीशी संबंध कोठे येतो?

ऊस उत्पादक सभासदाला नोटरीकडे जाण्याचे प्रसंग साधारणपणे पुढीलप्रमाणे येतात.

(१) सभासद मयत झाल्यावर वारसांनी द्यावयाचे प्रतिज्ञापत्र आणि इतर वारसांचे संमतीपत्र. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३० प्रमाणे मयत सभासदाचा भाग त्याने नामनिर्देशित केलेल्या व्यक्तीच्या नावे, आणि तसे नामनिर्देशन नसेल तर वारसाच्या किंवा कायदेशीर प्रतिनिधीच्या नावे वर्ग होतो.

(२) शेअरचा दाखला हरवल्यास प्रतिज्ञापत्र व नुकसानभरपाईचे बंधपत्र.

(३) ऊसतोडणी व वाहतुकीचे मुकादमाशी किंवा ट्रॅक्टरमालकाशी केलेले करार.

(४) मुलगा पुण्या-मुंबईस नोकरीला असेल आणि वावराचे, बिलाचे व्यवहार घरचा दुसरा माणूस पाहत असेल, तर त्यासाठीचे मुखत्यारपत्र.

(५) कर्जाला जामीन राहताना द्यावयाचे हमीपत्र.

ह्यांतल्या एकाही कागदात खोट निघाली, तर उसाचे बिल अडकते, शेअर वर्षानुवर्षे मयताच्या नावावर राहतो, किंवा भावाभावांत कोर्टकचेरी सुरू होते. शिक्का पाच मिनिटांत बसतो, पण तो चुकला तर निस्तरायला पाच वर्षेही पुरत नाहीत.

नोटरी म्हणजे कोण?

आपल्याकडे काळा कोट घालून शिक्का घेऊन बसलेला प्रत्येक जण नोटरी आहे असा समज असतो. तो बरोबर नाही. नोटरी हा सरकारने नेमलेला माणूस असतो. त्याचे काम १९५२ च्या नोटरी कायद्याप्रमाणे आणि १९५६ च्या नोटरी नियमांप्रमाणे चालते. सर्वसाधारणपणे किमान दहा वर्षे वकिली केलेल्या व्यक्तीला ही नेमणूक मिळू शकते. महिलांना तसेच अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागासवर्गीय वकिलांना ही अट सात वर्षांची आहे. नेमणूक केंद्र सरकार करते किंवा राज्य सरकार करते, आणि ती ठरावीक क्षेत्रापुरती असते. नोटरीला व्यवसायाचे प्रमाणपत्र मिळते, ते पाच वर्षांचे असते आणि मुदत संपली की त्याचे नूतनीकरण करून घ्यावे लागते. १९९९ च्या दुरुस्तीपूर्वी ही मुदत तीन वर्षांची होती.

कायद्याच्या कलम ८ मध्ये नोटरीची कामे दिली आहेत. त्यांतली आपल्या उपयोगाची दोन : दस्तावर सही करणाऱ्याने ती खरोखर केली आहे हे साक्षांकित करणे, आणि शपथ देऊन प्रतिज्ञापत्र घेणे. ही दोन्ही कामे डोळ्यांदेखत करावयाची आहेत. "माझ्यासमोर सही केली" ह्या तीन शब्दांना किंमत आहे ती एवढ्यासाठीच. नोटरीने प्रमाणित केलेले मुखत्यारपत्र कोर्टात आले, तर ते योग्य रीतीने झाले आहे असे कोर्ट गृहीत धरते. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम ८५ मध्ये होते आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही तरतूद कायम आहे. म्हणजे नोटरीच्या सहीवर न्यायालयाचा एवढा विश्वास आहे. हा विश्वास सरकारने त्या एका माणसावर टाकला आहे. त्याच्या टेबलावर, त्याच्या खुर्चीत जो कोणी बसेल त्याच्यावर तो टाकलेला नाही.

शिकाऊ म्हणजे कोण?

नोटरीच्या टेबलावर तीन प्रकारची माणसे दिसतात. पहिला कारकून, ज्याला कोणी मुन्शी म्हणतात. दुसरा ज्युनिअर, म्हणजे सनद घेतलेला पण नवखा वकील. तिसरा कायद्याचा विद्यार्थी. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या नियमांप्रमाणे कायद्याच्या विद्यार्थ्याला शिक्षण चालू असताना प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा लागतो. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान बारा आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान वीस आठवडे. त्याची डायरीही त्याला ठेवावी लागते. नागपुरात कायद्याचे शिक्षण देणाऱ्या संस्था आहेत, तेव्हा नागपूर, काटोल, सावनेर अशा ठिकाणच्या वकिलांकडे असे विद्यार्थी येणारच. ते यावेतही. शिकल्याशिवाय उद्याचा वकील तयार व्हायचा कसा?

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. कारकून असो, ज्युनिअर असो वा विद्यार्थी, नोटरीचे काम त्याच्यावर सोपवण्याची तरतूद नोटरी कायद्यात नाही आणि नियमांतही नाही. ज्युनिअरकडे वकिलीची सनद असली म्हणून तो नोटरी होत नाही. नोटरी आजारी पडले, कोर्टात उभे राहिले किंवा लग्नाला गेले, तर त्यांच्या जागी कोणी 'प्रभारी नोटरी' होऊ शकत नाही. टेबल त्या दिवसापुरते बंद, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या शेतकी खात्यातले उदाहरण घ्या. लागणीची नोंद घ्यायला चिटबॉय येतो, कधी कृषी पदविकेचा विद्यार्थी येतो. तो टेप धरतो, गट नंबर लिहितो, जात आणि तारीख टिपतो. पण नोंद कायम होते ती अधिकाऱ्याच्या सहीने. चाळीस आरच्या जागी साठ आर लिहिले गेले आणि वर सही झाली, तर संचालक मंडळ जाब विचारते तो सही करणाऱ्याला. नोटरीचेही तसेच आहे. फरक इतकाच की तेथे जाब विचारणारे सरकार आणि न्यायालय आहे.

शिकाऊने काय करावे, काय करू नये?

नोटरीच्या देखरेखीखाली शिकाऊने लिहिण्या-वाचण्याची कामे करायला हरकत नाही. मसुदा टाईप करणे, तो पक्षकाराला त्याच्या भाषेत वाचून दाखवणे, आधार कार्ड किंवा मतदार ओळखपत्राची झेरॉक्स लावून घेणे, नोंदवहीचे रकाने भरून ठेवणे, तिकिटे लावणे ही सर्व मदतीची कामे झाली.

पण पुढील कामे नोटरीनेच जातीने केली पाहिजेत : समोर बसलेला माणूस तोच आहे ह्याची खात्री करणे, त्याला शपथ देणे, त्याने सही किंवा अंगठा आपल्यासमोर केला हे पाहणे, आणि नंतर आपली सही करणे. शिक्का हा त्या सहीचा सोबती आहे. नोटरीच्या गैरहजेरीत शिकाऊने शिक्का उठवला, किंवा सकाळीच कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवल्या आणि दिवसभर शिकाऊने ते कागद वाटले, तर ते नोटरीचे काम होतच नाही. दिसायला कागद पूर्ण दिसतो, पण आतून पोकळ असतो. कांडी पोखरणाऱ्या किडीने खाल्लेल्या उसासारखा, वजनकाट्यावर गेल्यावरच कळतो.

परदेशातही हा प्रश्न उभा राहिलेला आहे. फ्रान्समध्ये नोटरीचे स्थान आपल्यापेक्षा खूप मोठे आहे. तेथे जमीन-घराचे दस्त नोटरीच तयार करतो, आणि त्याचा पाया १८०३ च्या कायद्यात आहे. तेथे काही काळ नोटरीच्या निवडक, अनुभवी कारकुनांना दस्त वाचून दाखवण्याचा व सह्या घेण्याचा अधिकार देता येत असे. २०१५ च्या कायद्याने ती सवलतही काढून टाकली. आपल्याकडे तर अशी सवलत मुळात कधी दिलेलीच नाही.

चूक झाली तर जबाबदारी कोणाची?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. समजा, एका सभासदाच्या पश्चात तीन मुलगे आहेत. धाकट्याने थोरल्या दोघांचे संमतीपत्र आणले. त्यावर नोटरीचा शिक्का आणि सही आहे. पण थोरले दोघे त्या दिवशी तालुक्यालाच आले नव्हते. शिकाऊने ओळखीवर विश्वास ठेवून कागद पुढे केला आणि नोटरीने संध्याकाळी गठ्ठ्यावर सह्या केल्या. येथे जबाबदारी चार ठिकाणी तपासावी लागते.

पहिली, सरकारला जबाब देण्याची जबाबदारी. नोटरीला नेमणारे सरकार नोटरी नियमांच्या नियम १३ प्रमाणे त्याच्या गैरवर्तनाची चौकशी करू शकते. चौकशीत दोष सिद्ध झाला, तर सरकार प्रमाणपत्र रद्द करून त्याला कायमचे नोटरीकामापासून दूर करू शकते, ठरावीक काळ निलंबित करू शकते किंवा ताकीद देऊन सोडू शकते. "ते काम माझ्या शिकाऊने केले" हा बचाव येथे उलटाच पडतो. कारण आपल्यासमोर न झालेली सही आपल्यासमोर झाली असे लिहून दिल्याचीच ती कबुली होते.

दुसरी, वकील म्हणून जबाबदारी. नोटरी हा बहुधा वकील असतो, त्यामुळे १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली राज्य विधिज्ञ परिषदेपुढेही त्याची चौकशी होऊ शकते. एम. वीरभद्र राव विरुद्ध टेकचंद ह्या प्रकरणात प्रतिज्ञा करणारा समोर नसताना वकिलाने प्रतिज्ञापत्र साक्षांकित केले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली ते व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. तो वकील होता, तरी नोटरीला लागू पडणारा धडा त्यात स्पष्ट आहे : साक्षांकन हा उपचार नव्हे.

तिसरी, फौजदारी जबाबदारी. येथे नीट फरक केला पाहिजे. गुन्हा ज्याचा त्याचा असतो. शिकाऊने नोटरीची खोटी सही केली, तर बनावट दस्ताचा गुन्हा त्या शिकाऊचा. त्याने स्वतःला नोटरी म्हणवून काम केले, तर नोटरी कायद्याच्या कलम १२ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नोटरीला ह्यातले काही ठाऊकच नसेल, तर केवळ तो त्याचा गुरू आहे म्हणून तो गुन्हेगार ठरत नाही. पण जाणूनबुजून खोटा दाखला सही करून देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत तो कलम १९७ मध्ये होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम २३४ मध्ये आहे. दोघे समोर नव्हते हे माहीत असूनही सही केली, तर नोटरी त्यात सापडू शकतो.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती कोणी सांगत नाही. नोटरी कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोटरीने आपले काम करताना केलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालय सरळ घेत नाही. त्यासाठी केंद्र किंवा राज्य सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी तक्रार लागते. म्हणून पुष्कळ लोक पोलीस ठाण्यात खेटे घालतात आणि पुढे काही होत नाही. नोटरीविरुद्ध तक्रार असेल, तर नियम १३ चा रस्ता आधी धरणे शहाणपणाचे.

चौथी, नुकसानभरपाईची जबाबदारी. एखाद्याने आपल्या कामासाठी दुसऱ्याला बसवले आणि त्या कामाच्या ओघात त्या दुसऱ्याच्या हयगयीने नुकसान झाले, तर बसवणाऱ्याला ते भरून द्यावे लागू शकते, हे कायद्याचे जुने तत्त्व आहे. शिकाऊला पगार मिळतो की नाही, एवढ्यावर ते ठरत नाही. काम कोणाचे चालले होते आणि त्यावर ताबा कोणाचा होता, हे महत्त्वाचे.

ह्याबाबत आपल्याच राज्यातला एक खटला ध्यानात ठेवण्यासारखा आहे. महाराष्ट्र शासनाची एक जीप शासकीय कामावर होती. चालक दारू प्याला होता, म्हणून त्याने जीप एका कारकुनाच्या हाती दिली. अपघात झाला आणि त्यात एक गृहस्थ दगावले. शासनाचे म्हणणे असे की, कारकुनाला जीप चालवण्याचा अधिकारच नव्हता, तेव्हा आम्ही जबाबदार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली हे म्हणणे फेटाळले. जीप शासनाच्या कामावर होती आणि जबाबदार माणसाने ती भलत्याच्या हाती दिली, सबब शासन भरपाईला जबाबदार. ट्रॅक्टरचे स्टेअरिंग लहान पोराच्या हाती देणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. हा खटला वाहनाचा आहे, पण जो नोटरी आपला शिक्का शिकाऊच्या हाती देऊन बाहेर जातो, त्याने ह्या तत्त्वाचा विचार करावा.

मात्र ह्याला मर्यादा आहे, आणि ती आपल्या अंगावर येणारी आहे. स्टेट बँक ऑफ इंडिया विरुद्ध श्यामादेवी ह्या १९७८ च्या निकालात एका खातेदाराच्या घरच्यांनी ओळखीच्या, शेजारच्या बँक कर्मचाऱ्याकडे खात्यात भरण्यासाठी पैसे दिले आणि पावती घेतली नाही. त्याने ते लांबवले. सर्वोच्च न्यायालयाने बँकेला जबाबदार धरले नाही. कारण पैसे बँकेला दिले नव्हते, ओळखीच्या माणसाला दिले होते. आता हे आपल्या टेबलावर लावून पाहा. शिकाऊला घरी गाठून, बसस्टँडवर चहा पाजून, "तेवढे करून आण" म्हणून कागद आणि पैसे दिले, तर पुढे नोटरी सहज म्हणू शकतो की हा व्यवहार माझ्या कचेरीतला नव्हेच. त्यावर आपल्याजवळ उत्तर उरत नाही.

नोटरी कशाला जबाबदार नाही?

कागदावर शिक्का आहे म्हणजे आतला मजकूर खरा आहे, असा मोठा गैरसमज आहे. नोटरी ग्वाही देतो ती ओळखीची, शपथेची आणि सहीची. "मी एकटाच वारस आहे" हे वाक्य खोटे असेल, तर ते लिहून देणाऱ्याचे खोटे आहे. तसे प्रतिज्ञापत्र करणे हा गुन्हा आहे आणि त्याचे ओझे नोटरीच्या किंवा शिकाऊच्या माथी मारता येत नाही.

तसेच नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या जमिनीची विक्री १९०८ च्या नोंदणी कायद्याखाली दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. 'नोटरी करून वावर घेतले' असे कोणी सांगितले, तर त्याला मालकी मिळालेली नाही असेच समजावे. लग्न किंवा काडीमोडाचे कागद करून देण्याचा अधिकारही नोटरीला नाही, असे केंद्र सरकारच्या विधी कार्य विभागाने २०२४ मध्ये पुन्हा बजावले आहे. अशा कागदांत शिकाऊची चूक शोधत बसण्यात अर्थ नाही, मुळात रस्ताच चुकलेला असतो.

आपली स्वतःची जबाबदारी

आतापर्यंत नोटरीची बाजू पाहिली. आता आरसा आपल्याकडे फिरवू. शिकाऊच्या हातून होणाऱ्या चुकांपैकी कित्येक चुकांचे मूळ आपल्या घाईत असते. "गाडी चुकेल", "उसाला पाणी सुरू आहे", "भावाला कशाला आणायचे, सही मी करतो" असे आपणच म्हणतो. पोरगा नवखा असतो, समोरचा माणूस बापाच्या वयाचा, त्याला नाही म्हणवत नाही. आपण दोन रुपये जास्त दिले की त्याला वाटते, असेच चालत असेल.

पण समोर न येता सही झाली असे लिहून घेणारा सभासद फसवला गेलेला नसतो. तो त्या खोट्यात सामील असतो. पुढे भांडण लागले, तर त्याला नोटरीकडे बोट दाखवता येत नाही. भावाने कोर्टात विचारले, "त्या दिवशी मी कुठे होतो?" की सगळा डाव उघडा पडतो. आणि तो शिकाऊ? त्याची अजून सनदही निघालेली नसते. आपल्या दहा मिनिटांच्या सोयीसाठी एका विद्यार्थ्याचे आयुष्य पोलीस चौकशीत अडकवणे हे आपल्याला शोभत नाही.

टेबलापाशी काय पाहावे?

(१) नोटरी स्वतः हजर आहेत काय? नसतील तर थांबावे किंवा दुसऱ्या दिवशी यावे.

(२) सही करणारे सर्व जण हजर पाहिजेत आणि प्रत्येकाजवळ मूळ ओळखपत्र पाहिजे. सही आधी घरी करून नेऊ नये, ती नोटरीसमोरच करावी.

(३) मजकूर वाचून घ्यावा. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून मागावा. शिकाऊने वाचला तरी चालेल, पण नोटरीने "समजले काय?" असे विचारले पाहिजे.

(४) शिक्का पाहावा. नियम १२ प्रमाणे तो साधा, गोल, ५ सेंटिमीटर व्यासाचा असतो. त्यावर नोटरीचे नाव, क्षेत्र, नोंदणी क्रमांक आणि नेमणूक करणाऱ्या सरकारचे नाव असते. ते सरकार केंद्राचे की राज्याचे हे लिहून ठेवावे. उद्या तक्रार करावी लागली, तर ती कोठे करावयाची हे त्यावरूनच कळते.

(५) नोंदवहीत आपली सही करूनच उठावे आणि तिचा अनुक्रमांक कागदावर आला आहे हे पाहावे. आपण स्वतः हजर होतो ह्याचा हा सर्वांत भक्कम पुरावा. ही नोंदवही ठेवणे नोटरीवर बंधनकारक आहे आणि जिल्हा न्यायाधीश ती तपासू शकतात.

(६) फीची पावती मागावी. फीचे दर कचेरीच्या आत व बाहेर दिसतील असे लावणे आणि पावती देणे हे नियमांत सांगितले आहे. पावती मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. काट्याची पावती आपण मागतोच ना?

(७) ह्या कामाला खरोखर नोटरी लागते काय, हे आधी विचारावे. राज्य शासनाच्या ९ मार्च २०१५ च्या निर्णयाने, कायद्याने प्रतिज्ञापत्र बंधनकारक नसेल अशा अनेक सरकारी दाखल्यांसाठी साधे स्वयंघोषणापत्र व स्वतः साक्षांकित केलेल्या प्रती चालतात. विनाकारण खर्च करू नये.

बिघडले तर काय करावे?

कागदात खोट आहे असे कळताच पहिले काम म्हणजे कारखान्याच्या शेअर विभागाला लेखी कळवणे, म्हणजे त्या कागदावर पुढची कारवाई होणार नाही. अर्जाची पोच घ्यावी. दुसरे, नोटरींना भेटून नोंदवहीतील नोंद पाहावी. साधी लेखनचूक असेल, तर नवा कागद योग्य रीतीने करून घेतल्याने बहुधा काम भागते. शिकाऊची चूक म्हणून आरडाओरडा करण्याची गरज नाही.

फसवणूकच असेल, तर शिक्क्यावर राज्य शासनाचे नाव असल्यास राज्याच्या विधी व न्याय विभागाकडे, आणि केंद्राचे नाव असल्यास दिल्लीच्या विधी कार्य विभागाकडे नियम १३ प्रमाणे ठरलेल्या नमुन्यात तक्रार करावी. सोबत कागदाची प्रत, पावती आणि त्या दिवशी आपण कोठे होतो ह्याचा पुरावा जोडावा. नोटरी नसलेल्या माणसाने खोटी सही किंवा खोटा शिक्का वापरला असेल, तर पोलिसांत फिर्याद द्यावी. पैशाचे नुकसान झाले असेल, तर दिवाणी न्यायालयात भरपाई मागता येते. अशा दाव्यांना बहुधा तीन वर्षांची मुदत असते आणि फसवणुकीच्या बाबतीत ती फसवणूक कळल्यापासून धरली जाते. तेव्हा वाट पाहत बसू नये, वेळेवर वकिलाचा सल्ला घ्यावा.

थोडक्यात, शिकाऊला शिकवणे हे नोटरीचे चांगले काम आहे, पण शिकवणे म्हणजे शिक्का सोपवणे नव्हे. शिक्का ज्याचा, जबाबदारी त्याची. आणि सही ज्याची, हजेरीही त्याचीच.

ज्या सभासदांच्या वारसनोंदी अजून राहिल्या असतील, त्यांनी गाळप हंगाम सुरू होण्यापूर्वीच त्या करून घ्याव्यात. हंगामात तोडणीची धावपळ असते आणि घाईत केलेला कागदच बहुधा परत येतो. कोणता कागद लागतो आणि त्यावर कोणाकोणाच्या सह्या हव्यात, ह्याची माहिती काटोल गट कार्यालयात शेतकी कर्मचाऱ्यांकडून तोंडी विचारली तरी मिळेल. सर्व भावंडांनी एकाच दिवशी, एकत्र यावे. त्या निमित्ताने घरची माणसे एका बाकावर बसतील, हाही एक फायदाच समजावा.

कळावे,

ऊस विकास अधिकारी